तीन दिवसांचा चीक

रतनबाईंनी पदराआडची वाटी मोरीत उपडी केली आणि वर तांब्याभर पाणी ओतले. पिवळसर, दाट असे ते दोन चमचेसुद्धा नव्हते. त्यांच्या सुनेने, बनूने, तेवढ्यासाठी तासभर छाती पिळली होती.

आठवा लागायच्या आतच झालेले बनूचे पोर नगरच्या दवाखान्यात कापसाच्या पेटीत, गरम पाण्याच्या बाटल्यांमध्ये ठेवले होते. बनूला खाटेवरून उठायची मनाई. आईचे येईल तेवढे दूध वाटीत काढून पाठवा, थेंब थेंब पाजू, असे नर्स प्रेमलाबाईंनी बजावले होते. वाटी न्यायचे काम सासूकडे आले.

पहिल्या तीन दिवसांचा चीक बाळाला बाधतो, हे रतनबाईंना पक्के ठाऊक होते. आपल्या सातही लेकरांच्या वेळी त्यांनी तो असाच सांडला होता. चार गेली, ती देवाने नेली. त्यात चिकाचा काय संबंध?

"पान्हा न्हाई फुटला अजून," त्या नर्सला सांगत.

मग नर्स पाणी घातलेले गाईचे दूध पाजी. पोर ते ओकून टाकी.

"पेलं का वं, आत्याबाई?" बनू विचारी.

"पेलं की. नीज तू."

चौथ्या दिवशी सकाळी पांढरे दूध आले. रतनबाई हरखल्या. वाटी दोन्ही हातांनी धरून, थेंबही न सांडता त्या पोराच्या खोलीशी गेल्या. प्रेमलाबाई पेटीतला कापूस काढत होत्या.

वाटी तशीच घेऊन रतनबाई नर्सच्या मागोमाग खाटेपाशी परतल्या.

"आत्ताच गेला, बाई," प्रेमलाबाई बनूला म्हणाल्या. "तीन दिवस तुला दूधच नव्हतं. तू तरी काय करणार?"

"नव्हतं?"

बनूने सासूकडे पाहिले. रतनबाईंची मान खाली गेली. बनूच्या चोळीवर दोन ओले डाग पसरत होते.

तेवढ्यात तिचा नवरा गोरक्ष तिसगावहून डबा घेऊन आला. त्याला अजून काहीच कळलेले नव्हते.

"म्हस याली, आई! खरवस आनलाय."

"रेडकाला चीक पाजला का?" बनूने विचारले.

"आदी त्येलाच. आईच सांगून गेल्ती, पयला चीक रेडकाला, न्हाईतर त्ये जगायचं न्हाई."

बनूने डबा उघडला. एक वडी काढून सासूपुढे धरली.

"खावा, आत्याबाई."