चौरंगाचं मौन

या सृष्टीत खऱ्या अर्थानं पवित्र असं फार थोडं उरलं आहे आणि त्यातलं बरंचसं माझ्यात आहे. निदान पंधरा वर्षं माझी तशी समजूत होती. मित्रांनो, मी एक जुना चौरंग आहे. तीन पाय भक्कम, चौथा स्वतंत्र विचारांचा.

सुतारानं मला घडवलं ते पाहुण्यांसाठी. पण घरातल्या सूनबाईंचे गुडघे कुरकुरू लागले आणि प्रार्थनेला बसायला त्यांनी मला देवासमोर नेलं. रोज सकाळी त्या माझ्यावर बसून म्हणत, "देवा, तुझ्या मनात असेल तसं होऊ दे." चौथ्या पायाची पाचर सैल झाली की मी करकरायचो आणि बाई ती लगेच ठोकून घ्यायच्या. एवढीच माझी साधना. पण तोरा असा, की देव माझ्याच भरवशावर बसला आहे.

मग सासूबाईंना उभ्यानं आंघोळ जमेना. बाईंनी मला उचललं आणि थेट न्हाणीघरात ठेवलं. प्रार्थनेची वेळ आता सासूबाईंची पाठ चोळण्यात जाऊ लागली. चोळता चोळता बाई तेच वाक्य पुटपुटायच्या.

"काय गं, देव इकडे राहायला आला की काय?"

"तुम्हालाच भेटायला आलाय. नीट बसा."

"मग त्याला म्हणावं, पाणी जरा कोमट कर."

दोघी हसायच्या. मी मात्र साबणाच्या फेसात धुमसत होतो.

एका सकाळी पाचर निसटली. मला कळलं होतं. नुसतं करकरायचं होतं; पण मी रुसलो होतो. मौनाला लोक तप म्हणतात. माझं मौन शुद्ध खुनशीपणा होता. पाय मुडपला, सासूबाई कलंडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं.

नणंदबाई धावत आल्या. "वहिनी, तोंडानं सारखा देव देव! हात कुठे होते तुमचे?"

बाई एवढंच म्हणाल्या, "चुकलं माझं. पाय बघायला हवा होता."

माझा गुन्हा त्यांनी अंगावर घेतला आणि मी जागचा हललो नाही.

नणंदबाई मला फेकायला निघाल्या, तेव्हा सासूबाई प्लास्टरमधला हात उंचावून म्हणाल्या, "ठेव तो खाली. मोडकं फेकायचं तर सुरुवात माझ्यापासून कर."

बाईंनी नवी पाचर ठोकली, मला पुन्हा न्हाणीघरात मांडलं आणि तेच वाक्य म्हटलं. या वेळी म्हणता म्हणता माझा पाय दोनदा हलवून पाहिला. पंधरा वर्षं मी ते ऐकत होतो. देवाच्या मनात न्हाणीघरही असू शकतं, हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं.

हल्ली मी कारण नसतानाही करकरतो. दर वेळी बाई दचकून सासूबाईंचा दंड घट्ट धरतात. ती भीती मी दिलेली आहे.

क्षमा मागायची माझी लायकी नाही. एक बारीकशी विनंती करतो, मित्रांनो: आंघोळ उरकली की आम्हाला उलटं करून ठेवत जा. ओल्या फरशीवर पाय फार गारठतात.