आईचा रोल

फारहने कॅमेऱ्याचा रोल शालिग्रामच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं त्यावर मिटवली.

"धू. आज धू."

"दीड वर्ष तसाच ठेवलास ना? मग प्रदर्शन झाल्यावर..."

"आज."

फारहच्या दुसऱ्या हातात पत्र होतं, पुण्यात शिकणाऱ्या त्याच्या एका गाववाल्याचं. डिसेंबर सरता सरता त्याच्या मोगादिशूत लढाई पेटली, तेव्हापासून त्याला घरचं एक अक्षर नव्हतं. आता फेब्रुवारी अर्धा झाला. तारघरातला बाबू तिकडची तार घ्यायलाही तयार नव्हता. आणि आज हे पत्र: मासळीबाजारामागची त्याची गल्ली पडली. कोण वाचलं, कोणालाच माहीत नाही.

दोघं जळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते, घरमालकीण ताईबाईंकडे एका खोलीत राहत होते. कॉलेजातली कॅमेऱ्याचं वेड असलेली सातआठ पोरं 'माझं शहर' नावाचं प्रदर्शन मांडणार होती. शालिग्रामने केळीचे ट्रक आणि स्टेशनवरचे हमाल टिपले होते. फारहने सुटीत घरी जाऊन काढलेले फोटो मात्र बघतच राहावेत असे. बसच्या दारात लोंबकळणारा कंडक्टर, शिंप्याच्या दुकानासमोर हातवारे करून भांडणाऱ्या दोन बायका, सिनेमाच्या रांगेत केस विंचरणारा धाकटा भाऊ. सगळी गल्ली होती, आई नव्हती. कॅमेरा दिसला की ती आत निघून जायची. शेवटच्या दिवशी, तो विमानाला निघायच्या आधी, ती आपणहून दारात येऊन बसली आणि त्याने अख्खा रोल तिच्यावर संपवला. तो रोल त्याने कधी धुतला नाही. "मनी माय शे तठे," माझी आई आहे तिथे, असं ताईबाईंकडून उचललेल्या अहिराणीत तो म्हणायचा आणि डबी पुन्हा कपड्यांच्या घडीखाली ठेवायचा.

"तूच धू," आता तो म्हणाला. "माझ्याच्याने नाही व्हायचं."

शालिग्राम रोल घेऊन बाथरूमकडे गेला.

बाथरूमची खिडकी घोंगडीने झाकून शालिग्रामने अंधारात चाचपत फिल्म टाकीत भरली, झाकण लावलं, मग दिवा लावला. आधी चित्र उमटवणारा डेव्हलपर आणि मग ते पक्कं करणारा हायपो, दोन्ही सारख्याच तपकिरी बाटल्यांत होते. चिठ्ठ्या कधीच भिजून निघाल्या होत्या. तेवढ्यात दाराबाहेरून ताईबाईंचा आवाज आला.

"शालिग्राम, त्यानी सकायपासून काईच खादं नई रे. काय व्हयनं?"

"आलोच, ताईबाई," म्हणत त्याने बाटली टाकीत ओतली.

दहा मिनिटांनी दुसरी बाटली उघडली, तेव्हा हायपोचा झोंबणारा वास आला नाही. त्याने टाकी नाकाशी नेली. वास तिथे होता. आधी हायपो पडला, म्हणजे चित्र उमटायच्या आधीच पुसलं गेलं.

तरीही त्याने दुसरी बाटली ओतली. टाकी हलवली, मिनिटं मोजली, पाणी दहादा बदललं. मग फिल्म बाहेर काढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती काचेसारखी स्वच्छ होती.

तो ओल्या फरशीवर बसला. फिल्म जुनी होती, जळगावचा उन्हाळा तिला बाधला, असं सांगता आलं असतं. तो शब्द जुळवत होता, तोच दारावर थाप पडली.

फारहने आत येऊन फिल्म हातात घेतली, घोंगडी सारली आणि ती उजेडात धरली. शेवटपर्यंत पाहिली. मग तिच्या रिकाम्या कडेवरून अंगठा फिरवला. फोटो नसला तरी तिथे कंपनीचे आकडे उमटतात. कोऱ्या रोलवरही उमटतात. नसतील तर धुणाऱ्याच्याच हातून चूक झालेली असते. पहिल्या वर्षी हे शालिग्रामला फारहनेच शिकवलं होतं.

"फारह, मी..."

"त्या दिवशी फिल्म कॅमेऱ्यात नीट बसलीच नव्हती," फारह म्हणाला. "फिल्म पुढे सरकवायचा खटका हलका फिरत होता. मला तेव्हाच कळलं होतं."

"नाही, ऐक. माझ्या हातून..."

"मला कळलं होतं!" तो ओरडला. मग अगदी हळू म्हणाला, "म्हणून तर धूत नव्हतो."

त्याने दोन बोटांच्या चिमटीतून फिल्मचं पाणी निपटलं, सावकाश, कुठे ओरखडा उठू नये असं. ती दोरीवर टांगली. वाळताना गुंडाळू नये म्हणून खालच्या टोकालाही चिमटा लावला. आणि धूळ बसू नये म्हणून खिडकी लावून घेतली.