मालकीणबाई मागे बसायच्या

मित्रांनो, मी जुनी सायकल आहे. हे मीच आधी सांगून टाकते, कारण दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला खपत नाही. रंग काळा, दांडा आडवा, उंची भरदार. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या मडगार्डात बघून माणसं भांग पाडायची. खोटं वाटत असेल तर मालकांना विचारा.

मालकांचं इस्त्रीचं दुकान. घरोघरचे कपडे आणायचे, इस्त्री करून ज्याचे त्याला पोचवायचे, हा त्यांचा धंदा, आणि तो चालायचा माझ्या दोन चाकांवर. पुढे हँडलला एक गाठोडं, मागे कॅरिअरवर मालकीणबाई, त्यांच्या मांडीवर दुसरं गाठोडं. अठ्ठावीस वर्षं. एका शर्टाला चिखल लागू दिला नाही मी. गिऱ्हाईक म्हणायचं, "सायकल आहे की घोडा!" मी ऐकलंच नाही असं दाखवायचे.

मग मालकांचा गुडघा गेला. डॉक्टरांनी सायकल बंद म्हणून सांगितलं. बावीस घरचे कपडे घड्या होऊन पडून राहिले. चौकात नवी लाँड्री उघडली होती, तिचा माणूस दारोदार विचारत फिरत होता. आठ दिवसांत कपडे गेले नाहीत तर घरं हातची जाणार. मुलगा नोकरीला परगावी, सूनबाईला सातवा महिना. राहिल्या मालकीणबाई. वय त्रेपन्न, आणि सायकल कधी चालवलेली नाही.

"मी शिकते," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता माझ्यावर बसणार. तर सूनबाई आतून स्वतःची सायकल घेऊन आली. लाल, बुटकी, दांडा नसलेली, पुढे टोपली. "आई, ही घ्या. चढायला सोपी आहे."

मी तिचं नाव लाली ठेवलं. लाडाने नाही ठेवलं.

लालीला घरचे रोज पुसायचे, तेल द्यायचे. माझ्या हँडलवर ओली फडकी वाळत घालायचे. मित्रांनो, माझा नुसता जळफळाट व्हायचा. मालकीणबाई लालीवर बसायच्या, चार पायडल मारायच्या आणि धप्प! डावीकडे. पुन्हा बसायच्या, पुन्हा डावीकडे. उजवीकडे एकदाही नाही.

शेजारीण गॅलरीतून ओरडली, "अहो, डावीकडे काय पुरून ठेवलंय?"

"तुमची अक्कल!" बाई खालूनच म्हणाल्या. "सापडली की देते आणून."

मला गुदगुल्या व्हायच्या. पडा, म्हणायचे मनात, अजून पडा, बसा त्या टोपलीवालीवर! चौथ्या दिवशी त्या कोपरावर पडल्या. रक्त आलं. उठल्या नाहीत, रस्त्यातच बसून राहिल्या.

"देऊन टाका ती बावीस घरं लाँड्रीवाल्याला," त्या म्हणाल्या. "माझ्याच्याने होत नाही."

तेव्हा मात्र माझी मलाच लाज वाटली.

मालक काठी टेकत माझ्यापाशी आले. हँडलवरचं फडकं उचललं. "अगं, एकदा हिच्यावर बसून बघ. हिला तू माहीत आहेस."

"अठ्ठावीस वर्षं मागे बसवलंत. आता गुडघा गेल्यावर पुढे बसवताय होय?"

पण उठल्या. मला दुकानाच्या पायरीला लावलं. पायरीवरून दांडा ओलांडून त्या चढल्या, मालकांनी कॅरिअर धरलं आणि सोडलं. मी निघाले. सरळ! नळापर्यंत सरळ, औषधाच्या दुकानापर्यंत सरळ. तिथून वळून परत.

"अहो, थांबवतात कशी? धरा हिला!"

पाय जमिनीला पुरेनात. तीन फेऱ्या झाल्यावर त्याच शेजारणीने खाली येऊन धरलं.

मालकांनी माझ्या सीटवर हात फिरवला. सीट उजवीकडे खचलेली. "तू मागे दोन्ही पाय डावीकडे सोडून बसायचीस," ते म्हणाले, "म्हणून मी उजवीकडे रेलायचो. सीटही तशीच दबली. तुझं अंग अजून डावीकडेच झुकतंय. ही सीट सावरून घेते."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही वाकडे बसलात? बोलला नाहीत कधी."

"बोललो असतो तर तू उतरली असतीस."

बाई कोपरावरची धूळ पुसत राहिल्या.

मी मात्र लालीकडे बघून घेतलं. म्हटलं, बावीस घरं माझीच. पण बावीस दारांशी उतरायचं, बावीसदा चढायचं, आणि पायरी कुठे सगळ्या दारांना असते? हा दांडा आडवा आला. माझाच.

"आई," सूनबाई म्हणाली, "हिची सीट माझ्या सायकलला बसते का बघूया?"

ती पोर मला पहिल्यापासून आवडली नाही. पान्हा आणला. दोन नट होते, तेही गंजलेले. मी जीव खाऊन धरले, कुरकुरले, पण मालकांच्या हातापुढे माझं काय चालणार? सीट गेली. लालीवर बसली. बसली म्हणजे काय, शोभली, हेही मीच सांगते.

दोन दिवस गल्लीत फेऱ्या झाल्या. तिसऱ्या सकाळी मालकीणबाई कपडे घेऊन निघाल्या. सरळ गेल्या. दुपारी आल्या त्या घामाने निथळत. एक घर लाँड्रीवाल्याने नेलं होतं, एकवीस राहिली. मालकांनी पाणी दिलं. बाई म्हणाल्या, "उद्या लवकर उठवा." मला बरं वाटलं का? बाईंसाठी वाटलं. लालीसाठी मेलं तरी नाही वाटणार.

मित्रांनो, जुनी वस्तू भंगारात घालण्याआधी तिच्यावरून एकदा हात फिरवा. तुमच्या घरचं कोण कसं बसलं, किती सोसलं, ते तिला ठाऊक असतं. आणि माझ्या दारावरून गेलात तर एक काम करा. सीट काढल्यापासून माझी नळी वरून उघडी आहे. पाणी शिरतं, आतून गंज धरतो. तिच्यात एक फडकं कोंबा. कोरडं आणा. आणि लालीला पुसलेलं नको.