विंगेतला आवाज

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात नट वाक्य विसरला की नटाआधी गुणवंतरावांचा जीव खालीवर व्हायचा. वडशाच्या एका नाटक मंडळीत ते प्रॉम्प्टर होते. पुढचं वाक्य नटाच्या कानापर्यंत पोचेल, पण पहिल्या रांगेपर्यंत पोचणार नाही, अशा आवाजात विंगेतून फेकायचं हे त्यांचं काम. त्यात ते वाकबगार होते आणि ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगायची ते वाट बघत नसत. फक्त, नट क्षणभर गप्प झाला तर तो पॉज आहे की विसर, हे कळेपर्यंत थांबणं त्यांना कधी जमलं नाही. गप्प झाला म्हणजे विसरला, द्या वाक्य.

लेक तिरंदाजी करू लागली आणि ही खोड मैदानावर गेली. पुनम लाकडी धनुष्याची दोरी ताणून हनुवटीपाशी आणायची, नेम धरून थांबायची, आणि हे मागून हळूच म्हणायचे, "सोड." बाण सुटायचा. लहानपणी तो बरेचदा टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात जायचाही. त्यामुळे पोरीच्या मेडलांत अर्धा वाटा आपला, असं ते धरून चालले होते. पुनमची आई शकुबाई म्हणायची, "तिले तिच्या मनानं मारू द्या ना जी." पण ऐकतो कोण!

यंदा पुनमचं सतरा वर्षांखालच्या गटातलं शेवटचं वर्ष. चंद्रपूरच्या निवड चाचणीतून राज्याच्या संघात गेली तर पुढे अकादमीत जागा मिळणार होती. नाही गेली तर वय निघून जाणार होतं. पावसाळ्यात नागपूरहून रीता मॅडम यायला लागल्या. खेळाडूंच्या मनाची तयारी करून घेणं हे त्यांचं काम. मनाची कसली आली तयारी, असं पुटपुटत गुणवंतराव कुंपणाशी उभे राहून बघायचे. मॅडम मुलींना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला लावायच्या, चुकलेला बाण मनातून काढून टाकायला शिकवायच्या. पुनमला त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती. दोरी ताणल्यावर जी शांतता येते ती तुझी आहे, तिच्यात राहा, शरीर स्थिर झालं की बोटं आपोआप सुटतील.

एक दिवस त्या कुंपणापाशी आल्या. "भाऊ, राग मानू नका. पण चाचणी होईपर्यंत तुम्ही मैदानावर येऊ नका."

राग तर आलाच. बापालाच मैदानबंदी! घरी शकुबाईजवळ त्यांनी मॅडमचा भरपूर उद्धार केला. पण पोरीच्या भल्याचं आहे म्हणून शब्द दिला आणि खरोखर पाळला. सरावाच्या वेळी ते स्टेशनवर जाऊन बसायचे. चाचणीच्या दिवशी चंद्रपूरची गाडी सुटली तेव्हाही ते फलाटावरच राहिले. आपण केवढा त्याग केला, याचं त्यांना मनातून कौतुकही वाटत होतं.

पुनम थोडक्यात हुकली. शेवटच्या फेरीत तिचे बाण घाईनं सुटले. नाव राखीव मुलींत आलं. राखीव मुलींना महिनाभरानं आणखी एक संधी होती. फोनवर हे ऐकून गुणवंतरावांना वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं. आपल्याविना चाललं नाही ना!

पोरगी घरी आली तेव्हा ते म्हणालेच, "मी तर तिथी नव्हतोच, बेटा. आता कोणाले दोष देशीन?"

पुनम बूट काढत होती. ती चिडली नाही.

"तुमी नव्हते बाबा, पण आवाज तुमचाच आला. दोरी ताणली का येतेच. सरावातही येऊन राह्यला. मी मॅडमले सांगतलं नाई. तुमाले बोल लागला असता."

गुणवंतरावांच्या आता ध्यानात आलं. मंडळीतले नट खेळ संपला की मोकळे व्हायचे, आपला आवाज तिथं विंगेतच राहायचा. पोरीला मात्र आपण कधी मोकळं सोडलंच नाही, आणि वर ती हुकली तेव्हा आपल्याला बरं वाटलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून मैदानावर मॅडमकडे गेले. "मीच बिघडवलं, मीच नीट करतो. माह्याच आवाजानं तिले 'थांब' म्हनतो. हा आवाज त्या आवाजाले खाईन."

मॅडमना ते पटलं नाही. "भाऊ, आणखी एक आवाज घालून शांतता कशी येईल? याला वेळ द्यावा लागेल."

"वेळच तं नाई ना, मॅडम."

त्यांचा चेहरा बघून मॅडमना नाही म्हणवेना.

पुनम उभी राहिली. दोरी हनुवटीशी आली, खांदे स्थिर झाले. गुणवंतराव तिच्या मागे आपल्या नेहमीच्या जागी होते. या वेळी त्यांनी घाई केली नाही. तिची शांतता त्यांनी पुरती होऊ दिली आणि मग, जमेल तितक्या मायेनं म्हणाले, "थांब."

आवाज कानावर पडताच बाण सुटला. टार्गेटच्या वरून जाऊन मागच्या मातीच्या ढिगात रुतला.

पुनमनं धनुष्य उतरवलं, ओशाळून बापाकडे वळली.

"माहीच चूक झाली, बाबा. तुमी आणखी एक डाव म्हना."