घासून घेतलेलं कपाट

आमच्या घरात नवीन असं काही नाही, हे मी पाहुण्यांना दारातच सांगायचो. पाहुणे बूट काढत असायचे, त्यांना पळता यायचं नाही. पलंग जुना, टेबल जुनं, पुस्तकांचं शेल्फ जुनं. दिव्यांवरच्या दोरीच्या टोप्या, म्हणजे लॅम्पशेड, मी स्वतः विणलेल्या. सगळं निम्म्या भावात, काही तर त्याच्याही खाली. पाहुणे "अरे वा" म्हणायचे. बायको आत चहा टाकायला जायची आणि बराच वेळ यायची नाही. मला वाटायचं, तिला माझं कौतुक ऐकून लाज वाटते.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. समोरच्याला काय दिसत नाही, हे सांगण्याचे मला पैसे मिळतात. बायको दातांची डॉक्टर आहे. आधी बधिर करायचं, मग दात काढायचा, आणि पेशंट निघताना त्यालाच वाटलं पाहिजे की आपण किती शूर. यात तिचा हातखंडा आहे.

पण माझी खरी विद्या म्हणजे घासाघीस. जुन्या फर्निचरचं दुकान चालवणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणायचे. मामा भाव सांगायचे, मी त्याच्या निम्मा सांगायचो. मामा कपाळाला हात लावायचे, मी वस्तूचा वास घ्यायचो, "हं" म्हणायचो आणि दाराकडे चालू लागायचो. उंबऱ्याशी पोचायच्या आत मागून हाक यायची, "साहेब, या परत! तुमच्यापुढे आमचं काही चालत नाही." जेवढे पैसे वाचायचे तेवढे मी वेगळ्या खात्यात टाकायचो. त्यातून कधीतरी स्वतःचं चष्म्याचं दुकान काढायचं होतं.

माझ्या टोप्याही मामा विकायला ठेवून घ्यायचे. महिन्याअखेर थोडे पैसे यायचे. म्हणायचे, "साहेब, लोक वेडे झालेत."

म्हणून धाकट्या बहिणीने नवीन घर घेतलं आणि कपाट-पलंग शोरूममध्ये ठरवून आली, तेव्हा मला ते सहन झालं नाही.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? रद्द कर."

"दादा, अरे, घराचे हप्ते सुरू झाले, हातात एवढेच उरलेत. ते घालवले तर पुन्हा नाहीत."

"म्हणूनच म्हणतोय. एवढ्यात मी तुला दोन खोल्या भरून देतो."

"सासूबाई पुढच्या आठवड्यात राहायला येतायत. कपडे खोक्यात आहेत माझे."

"तुझा भाऊ मेलाय का?"

तिने ऑर्डर रद्द केली. बायकोला हे सांगितलं, तेव्हा ती ब्रशने दात घासत होती. घासता घासता थांबली. तोंडात फेस होता, म्हणून काही बोलली नसावी, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीला घेऊन मामांकडे गेलो. तिथे एक भक्कम सागवानी कपाट होतं. मामांनी भाव सांगितला. मी निम्मा सांगितला. बहिणीकडे पाहून डोळा मारला. वास घेतला, "हं" म्हणालो आणि निघालो.

उंबरा आला. हाक आली नाही. मी उंबरा ओलांडला. फुटपाथवर आलो. शेजारच्या पंक्चरवाल्याने विचारलं, "काय पाहिजे?" मी म्हणालो, काही नाही. जरा वेळ त्याच्याकडच्या टायरचाच वास घेतला आणि रुमाल विसरल्यासारखं करून परत आत गेलो. रुमाल हातातच होता.

मामा कान खाजवत होते. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, तुमच्या मॅडमचा काही फोन नाही आला."

"कसला फोन?"

"या कपाटाचा. फरक कोण भरणार?"

"कसला फरक?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे तपासतो; माणसाला एकाएकी स्पष्ट दिसायला लागलं की चेहरा कसा होतो, ते मला ओळखता येतं. मामांचा तसा झाला. "आयला," ते म्हणाले, "तुम्हाला माहीतच नाही?"

बहीण कपाटाचे कप्पे उघडून पाहत होती. मामा मला मागच्या खोलीत घेऊन गेले. तिथे माझ्या दिव्याच्या टोप्या होत्या. सगळ्या. पहिल्यापासूनच्या. खालच्या टोपीत एक मांजर व्यालं होतं. पिल्लं गुबगुबीत होती. माझ्या कलेचा कुणाला तरी उपयोग झाला होता.

कोपऱ्यात एक कारागीर चपलांच्या नव्याकोऱ्या रॅकवर लोखंडी साखळी आपटत होता. थांबून खळगे न्याहाळायचा, पॉलिश पेपर फिरवायचा, पुन्हा आपटायचा.

"हे काय?"

"हे तुमचंच," मामा म्हणाले. "पुढच्या शनिवारी तुम्हाला आवडणार आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मॅडम नवी वस्तू पसंत करून इथे मागवतात. इथे त्या वस्तूला जुनं करतात, त्याची मजुरी वेगळी. मग मी येतो आणि निम्म्यात जिंकतो; उरलेला फरक मॅडम भरतात. टेबलावरचा कपाचा गोल डाग मामांनी स्वतः चहा पिऊन पाडला होता. ते म्हणाले, "साखर जास्त घालावी लागते. नाहीतर उठत नाही."

बाहेर येऊन मी बहिणीला सांगितलं की मामांना बरं नाही, आज ते भावात नाहीत. ती रिक्षात बसली. घर आल्यावर उतरताना म्हणाली, "दादा, होईल ना रे?"

मी घरी गेलो आणि प्रत्येक वस्तू पाहिली. खरी झीज हात लागतो तिथे होते. माझ्या लाडक्या खुर्चीचा हात बाहेरच्या बाजूने झिजलेला होता, जिथे कुणाचाच हात जात नाही. शेल्फ सगळ्यात जास्त झिजलं होतं ते भिंतीकडच्या बाजूला. तीन वर्षं मी या घरात राहत होतो आणि लोकांना म्हणत होतो, खालची ओळ वाचा.

बायको आली. मी म्हणालो, "चपलांचा रॅक छान झालाय."

तिने पर्स खाली ठेवली. "मामा बोलले?"

"मामा नाही. मामा तर मी झालो."

"चिडू नकोस. आधी बस."

"कशावर बसू? या घरात बसण्यासारखं खरं काय आहे?"

ती स्वतःच बसली. "पहिला पलंग आठवतो? लग्नानंतरचा?"

"चांगला होता."

"ढेकूण होते त्यात. औषधवाला तीनदा आला. पलंगापेक्षा त्याचंच बिल जास्त झालं. मी क्लिनिकमध्ये हातभर बाह्यांचे ड्रेस घालून बसत होते, पेशंटला फोड दिसू नयेत म्हणून."

"मग सांगायचंस!"

"सांगितलं होतं. तू म्हणालास, जुन्या वस्तूला इतिहास असतो."

हे मी म्हणालो होतो. चांगलं वाक्य आहे.

"जुनं आणणं तू सोडणार नव्हतास, ढेकूण आणणं मला परवडणार नव्हतं," ती म्हणाली. "आणि भाव करून घरी यायचास तेव्हा इतका खूश असायचास."

"म्हणून बधिर केलंस."

ती वाकून सँडलचे पट्टे सोडू लागली.

"आणि टोप्या?"

"त्या मी विकत घ्यायचे. म्हणजे मामांना पैसे द्यायचे. घरी कुठे आणणार?"

"हसायचीस?"

"पहिल्या वेळी हसले होते," ती म्हणाली. तिला खोटं बोलता येत होतं हे मला आत्ताच कळलं होतं, तरी नेमकं इथे ती खरं बोलली. "नंतर सवय झाली."

"अजून कुणाला माहीत आहे?"

"तुझ्या आईला. डबलबेडचे अर्धे त्यांनीच दिले."

मी त्या डबलबेडचा फोटो आईला पाठवला होता. तिने उत्तर दिलं होतं, "माझं लेकरू किती व्यवहारी." पुढे अंगठा होता. दोन अंगठे होते.

"धाकटीला?"

"तिला नाही. तिला सांगितलं असतं तर तिने तुला सांगितलं असतं."

एवढं एक माणूस उरलं होतं, आणि त्याचे कपडे माझ्यामुळे खोक्यात होते.

"तिच्या कपाटाचा फरक भर," मी म्हणालो. मागतानाच मला माझी किळस आली.

"नाही. तिची ऑर्डर तू रद्द करायला लावलीस. तू भर. नाहीतर तिला खरं सांग."

खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुझा दादा ज्याच्या जोरावर बोलत होता ते वहिनीचं पाकीट होतं? मी खात्यातून पैसे काढले. त्याच खात्यातून, ज्यात माझ्या प्रत्येक विजयाची बचत होती. म्हणजे बायकोचेच. मी ते मामांना आगाऊ दिले आणि बजावलं, "उद्या मी निम्मा भाव सांगेन. जरा वेळ ओढा आणि द्या. हाक वेळेवर मारा."

"साहेब, तुम्ही बिनघोर या," मामा म्हणाले. माणूस व्यवसायात मुरलेला होता.

दुसऱ्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे सुरू झालं. मी वास घेतला. "हं" म्हणालो. तेवढ्यात बहिणीने माझं मनगट धरलं.

"दादा, थांब. तू फार आवाज चढवतोस, त्यामुळे माणूस अडून बसतो."

तिने कपाटाचं दार उघडलं, आत हात घालून पाठीची फळी दाबली आणि एक भाव सांगितला. निम्म्याच्याही बराच खाली. मग काहीच बोलली नाही. उघड्या दाराशी नुसती उभी राहिली.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाटाकडे पाहिलं. मामा कपाळाला हात लावायला गेले, पण हात मध्येच खाली आला.

"न्या, ताई," ते म्हणाले.

हे नाटक नव्हतं. मामांना तेवढ्यात परवडत होतं. पहिल्या दिवशी निम्म्यातही परवडलं असतं. तीन वर्षं ते फरक बायकोकडून भरून घेत होते, आणि आता माझ्याकडून. मी बहिणीच्या पाठीमागून बोटांनी खूण केली: माझे आगाऊ? मामा तिचे पैसे मोजत होते. वर पाहून प्रेमाने म्हणाले, "साहेब, काही विसरलात का? रुमाल?"

टेम्पोत कपाट चढवताना बहीण म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस हं. तुझं बघून बघूनच शिकले मी."

घरी बायकोने विचारलं, "जमलं?"

"जमलं."

"कितीला?"

मी निम्मा भाव सांगितला. जो ठरला होता तो. ती "बघ, मामा शब्दाला पक्के" म्हणाली आणि तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. तिला खरं सांगायला मी तोंड उघडलं. मग माझ्या लक्षात आलं की तीन वर्षं तिला नेमकं हेच जमलं नव्हतं, आणि मी तोंड मिटलं. तिने सवयीने विचारलं, "दुखलं का फार?"

"नाही," मी म्हणालो.

शनिवारी चपलांचा रॅक आणायला गेलो. त्याचे पैसे तिने आधीच भरलेले होते. साखळीचं काम सुरेख झालं होतं. मामांनी भाव सांगितला, मी निम्मा सांगितला. मामांनी कपाळाला हात लावला, मी वास घेतला आणि दाराकडे निघालो.

उंबऱ्याशी मागून हाक आली, "साहेब, या परत! तुमच्यापुढे आमचं काही चालत नाही!"

मी उंबरा ओलांडला आणि चालत राहिलो.