फक्त कुटुंबासाठी

पेंटरकाकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. स्वतःसाठी रंगवली ती एकच. राहत्या इमारतीतच घेतलेल्या दुसऱ्या, दोन खोल्यांच्या फ्लॅटच्या खिडकीत ती लटकत होती: ‘भाड्याने देणे आहे. फक्त कुटुंबासाठी.’ त्यातला ‘फक्त’ तेवढा लाल. आसपासच्या घरमालकांना ती इतकी आवडली, की काकांनी त्यांनाही तशाच पाट्या हौसेने करून दिल्या.

म्हातारपणी भाड्यातून कर्जाचा हप्ता सुटेल, या भरवशावर घेतलेला फ्लॅट वर्षभर रिकामा पडला होता. हप्ते भरता भरता काकूंच्या बांगड्या गेल्या. विकायचा म्हटलं, तर घेतल्या किमतीलाही कुणी मागेना. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय!

त्या सकाळी दवाखान्यातली नर्स घर बघायला आली. तिने नळ सोडून पाहिले, खिडकी उघडली. घर तिला पसंत पडलं.

“मिस्टर काय करतात?” काकांनी विचारलं.

“आम्ही वेगळे झालो. मी आणि माझी मुलगी, दोघीच राहणार.”

काकांचा चेहरा उतरला. “तसं काही नाही हो, पण इथे सगळी घरंदाज माणसं...”

“मग मी कोण, काका?” एवढंच विचारून ती जिना उतरून गेली.

काकू चिडल्या. “अहो, पगारदार बाई. घर नीट ठेवलं असतं तिनं.”

“तुला नाही कळायचं. एकटी बाई ठेवली तर सोसायटीचे सेक्रेटरी जगू देणार नाहीत.”

दुपारी जेवताना मुलीचा फोन आला. मारझोड करणाऱ्या नवऱ्याला सोडून ती परगावी नोकरी करत होती. काकांनी हे इमारतीत कुणालाच कळू दिलं नव्हतं. कुणी विचारलं, की ‘जावई मजेत आहेत’ असं ठोकून देत.

“बाबा, एक खोली मिळतेय. मालक तुम्हाला फोन करतील. जावई परदेशी आहे म्हणून सांगा. खरं बोललं, की दारातूनच परत पाठवतात हो.”

थोड्या वेळाने मालकांचा फोन आला. आवाज अगदी मऊ.

“तसं काही नाही हो, पण आमच्याकडे सगळी घरंदाज माणसं. जावई खरंच परदेशी ना?”

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. “हो. खरंच.”

“विचारलेलं बरं. एकट्या बायकांचं काही सांगता येत नाही.”

“नाही येत,” काका म्हणाले.

स्वतःच्या पोटच्या पोरीबद्दल ते असं म्हणाले होते. शब्द परत घ्यावेत, तर तिची खोली जाणार. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मिळाली ना खोली?” काकूंनी ताट पुढे सरकवलं. “मग जेवा आता पोटभर.”

काका उठले, ते हात धुऊन थेट दवाखान्यात गेले. “बाई, घर तुमचं. चुकलो मी.”

नर्स बँडेज गुंडाळत होती. “सेक्रेटरींना काय सांगणार? नवरा परदेशी आहे, असलं काही मी बोलणार नाही हं.”

“तुम्ही काही बोलू नका. मी बोलतो.”

सेक्रेटरी इमारतीच्या फाटकापाशीच भेटले. सगळं ऐकून ते हसले. “पेंटर, जरा दम धरा. चांगलं कुटुंब मिळेल. बाकी, जावई कसे आहेत?”

“माहीत नाही. माझी मुलगी त्याला सोडून एकटी राहते. आजवर लपवलं, कारण मला तिची लाज वाटायची. आता माझीच वाटते. घर मी नर्सबाईंना दिलंय.”

“मीटिंगमध्ये बघू,” सेक्रेटरी गुरकावले.

“बघा की. मीही येतो.”

काकांनी खिडकीतली पाटी उतरवली. मान वर केली, तर समोरच्या इमारतींत जागोजाग त्यांच्याच हातची अक्षरं, तोच लाल रंग. ते पहिल्या दारापाशी गेले आणि त्यांनी बेल वाजवली.

“माझ्या कामात मोठी चूक झालीय,” ते म्हणाले. “ती पाटी मला परत द्या.”