थॉमसिन पार्डोचं माहेर

सोळाशे त्रेसष्टच्या उन्हाळ्यात राजाचा तपासनीस आमच्या वेनफर्ड गावात येणार अशी दवंडी पिटली गेली. जे कोणी स्वतःला कुलीन म्हणवत होते त्यांनी आपली वंशावळ पुराव्यानिशी मांडायची. ज्याला जमणार नाही त्याचं नाव भर बाजारात पुकारून ‘हा कुलीन नव्हे’ असं जाहीर होणार होतं. माझे मालक अँब्रोज टिल्सली लोकरीच्या कापडाचे व्यापारी. दारावर ढाल आणि तीन मेंढे असं कुलचिन्ह त्यांनी आधीच कोरून घेतलं होतं, त्यामुळे त्यांची झोप उडाली.

“माझ्या बाजूचं कसंतरी निभेल,” ते मला म्हणाले. “अडतंय ते बायकोकडे. जोसायस, तू क्लनहोपला जा आणि हिचं माहेर शोधून काढ.”

“पण मालक, बाईसाहेबांच्या आई खाली स्वयंपाकघरातच आहेत. त्यांनाच विचारलं तर?”

“ती आहे म्हणूनच तुला पाठवतोय.”

मी त्यांचा लेखनिक. गेलो.

क्लनहोपच्या चर्चमधली वही उंदरांनी कडेने कुरतडली होती. पार्डो आडनावाची तिथे दोन घरं होती. एक हवेलीतल्या जमीनदारांचं. यादवीत हवेली जळाली आणि त्या घरातलं कुणी उरलं नाही. दुसरं त्यांच्याच मेंढपाळाचं. सोळाशे सव्वीसच्या मार्चमध्ये नोंद होती, ‘थॉमसिन, जमीनदार रॉजर पार्डो यांची कन्या’. नऊ दिवसांनी तिचंच दफन. आणि तीन वर्षांनी, ‘थॉमसिन, मेंढपाळ ह्यू पार्डोची मुलगी’. ही आमच्या बाईसाहेबांची.

तिन्ही नोंदी मी वेगवेगळ्या कागदांवर उतरवून आणल्या. मालकांनी त्या दोनदा वाचल्या, पहिली ठेवली आणि बाकीच्या दोन चुलीत टाकल्या.

“पोरगी नवव्या दिवशी मेली नाही. मोठी झाली आणि माझी बायको झाली. वंशावळ तू लिही, सुबक लिही.”

मी लिहिली. नोकरी जाईल ही भीती होती. शिवाय इतका मोठा चामडी कागद माझ्या हाती पूर्वी कधी आला नव्हता, हेही खरं.

थॉमसिनबाईंनी सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं. “आणि माझ्या आईचं काय करायचं?”

“ती तुझी दाई. हवेलीतली. तुझ्याबरोबर आली,” मालक म्हणाले. “आपल्या मुलीला चांगलं घर मिळायला हवं ना तुला?”

बाई खाली स्वयंपाकघरात निघून गेल्या.

तपासनीस जेवायला घरी आला. सडपातळ, गोड बोलणारा, पण काही न बघता सही करणारा नव्हे. ताटातलं मटण संपवून त्याने कागद उलगडला.

“हवेली जळाली, घर बुडालं. मग बाईसाहेब याच त्या, हे सांगणारं कोणी हयात आहे?”

मालकांनी जोनला, बाईंच्या आईला, वर बोलावलं. म्हातारी पिठाचे हात पुसत आली आणि दारातच थांबली.

“म्हातारे, या बाईसाहेबांना कधीपासून ओळखतेस?” तपासनिसाने विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“रॉजर पार्डोंच्या थॉमसिनला तू पाजलंस?”

“मीच पाजलं, साहेब. तिच्या तोंडात दुसऱ्या कुणाचं दूध गेलं नाही.”

तपासनीस बाईंकडे वळला. “बाईसाहेब, ही तुमची दाई?”

बाईंनी ताटातली सुरी सरळ केली. मालक त्यांच्याकडे बघत होते, मीही बघत होतो.

“हो,” त्या म्हणाल्या.

त्याने सही केली, मोहोर उठवली. तो गेल्यावर बाई धावतच स्वयंपाकघरात गेल्या. कागद आवरायच्या निमित्ताने मीही मागे गेलो.

“आई, तू कसं गं इतकं—”

“मी कुठे खोटं बोलले?” जोन कणीक मळता मळता म्हणाली. “माझं पहिलं पोर गेलं तेव्हा हवेलीतून बोलावणं आलं. नऊ दिवस पाजलं मी त्या थॉमसिनला. तीही गेली. पुढे तू झालीस, तुला तिचं नाव ठेवलं. मी जे बोलले ते देवासमोर बोलेन. खोटं तू बोललीस.”

“आई, ऐक ना.”

“आई नव्हे, दाई. शिक्का बसलाय आता. उगाच जुनी सवय ठेवशील आणि चारचौघांत तोंडातून निघून जाईल.”

दुसऱ्या दिवशी ती मालवाहू गाडीत बसून क्लनहोपला गेली. बाईंनी दिलेली गरम शाल जिन्याच्या कठड्यावर तशीच ठेवून गेली. जानेवारीत ती वारल्याचा निरोप आला.

“दाईसाठी कोण काळं घालतं?” मालक म्हणाले. “मुलीची सोयरीक ठरतेय. लोक विचारतील.” बाईंनी निळाच पोशाख घातला.

मार्चमध्ये त्यांनी मला बरोबर घेतलं आणि क्लनहोप गाठलं. तिथला पाद्री नवा, तरुण. टिल्सलीबाईंचं नाव ऐकताच त्याने टोपी काढली.

“आधी कळवायचंत! मी झाडून घेतलं असतं,” असं म्हणत त्याने आम्हाला थेट वेदीजवळच्या संगमरवरी शिळेपाशी नेलं. “हे तुमचे वडील. शेजारी तुमच्या मातोश्री.”

गावातल्या दोन बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. थॉमसिनबाई त्या परक्या शिळेपाशी गुडघे टेकून बसल्या. पाद्रीने अख्खी प्रार्थना म्हटली. ती संपेपर्यंत त्यांना उठता आलं नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “जोन पार्डो कुठे आहे? या हिवाळ्यात गेली ती.”

“मेंढपाळाची विधवा? उत्तरेकडच्या भिंतीला. पण त्या आठवड्यात चौघांना पुरलं, नेमकी जागा नाही सांगता यायची. तुमची कोण ती?”

आता सांगतील, असं मला वाटलं. तिथे मालक नव्हते, तपासनीस नव्हता.

“घरात कामाला होती,” त्या म्हणाल्या.

मग त्या एकट्याच भिंतीकडे गेल्या. जमीन ओली होती, कुठे उंच, कुठे खचलेली. पाय कुणावर पडेल हे कळत नसल्यासारख्या त्या भिंतीला हात लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या आणि परत आल्या. पाद्री अदबीने वाट बघत उभा होता.

लग्न मे महिन्यात झालं. व्याह्यांसमोर वंशावळ मीच वाचून दाखवली, आणि थॉमसिन पार्डोचं नाव आलं तेव्हा सगळ्यांनी पेले उंचावले.